रानातली झाडं आणि घरातली शाळा: यात विज्ञान नक्की कुठंय?

मोकळा_वर्ग
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा १२. आठवड्यातून दोनदा सकाळी पिशवी, कात्री आणि जुनी वही घेऊन बाहेर पडतो आणि आपोआप उगवलेलं जे काही दिसेल, कुणी तण म्हणा कुणी रानवनस्पती म्हणा, त्यातलं थोडं थोडं घरी आणतो. मग वहीत दाबायचं, नाव शोधायचं, चित्र काढायचं, खाली दोन ओळी लिहायच्या. दीड वर्षात ७४ झाडं झालीत. मुलं खूश, मीही खूश होते.

मागच्या आठवड्यात माझे मोठे दीर आले होते. ते स्वतः विज्ञान शिकवतात. वही चाळली, मनापासून कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाले, "छान आहे गं, पण यात विज्ञान कुठंय? हे तिकिटं जमवल्यासारखं झालं." मला पटकन उत्तरच सुचलं नाही आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तुमच्यापैकी कुणी रानातल्या झाडांवरून घरी विज्ञान शिकवत असेल तर नक्की काय करता ते सांगा. प्रयोगशाळा वगैरे काही नाहीये, स्वयंपाकघर, एक भिंग आणि भरपूर तण एवढंच भांडवल.

सुतळी
रागावू नका पण दीर बरोबर बोलले. ७४ नावं म्हणजे ७४ नावं. माझ्या मुलाला तिसऱ्या वर्षी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांची नावं पाठ होती, म्हणून काही तो मेकॅनिक झाला नाही.

अबोली
सुतळी, पहिल्याच धाग्यावर बाईंना असं काय फटकारायचं! नाव शोधायचं म्हणजे पानं समोरासमोर आहेत का एकाआड एक, खोड गोल का चौकोनी, तोडल्यावर चीक येतो का, पाकळ्या किती, हे सगळं बघावं लागतं ना? तेच तर निरीक्षण. तुळशीच्या कुळातल्या झाडांचं खोड चौकोनी असतं हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं, ते पण लेकीने काडी बोटात फिरवायला लावली म्हणून.

फावडं
दिरांना वही दाखवली हीच पहिली चूक. (दिवा घ्या)

भिंगवाला
दोघांचंही थोडं थोडं पटतंय. ताई, तुमच्याकडे ७४ वेळा "हे काय आहे?" विचारून झालंय. आता महिनाभर नवीन काही आणूच नका, त्यातलंच एखादं धरा आणि "असं का?" आणि "मग तसं केलं तर?" एवढे दोनच प्रश्न विचारा.

आमच्याकडचं उदाहरण देतो. गवतातून चालून आलं की पायजम्यात कुसळं घुसतात, ती. त्यातली लांब शेपटीवाली एक वाळलेली कुसळ घ्या. नीट बघितलं तर शेपटीला दोरीसारखा पीळ दिसेल. तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि गप बसा. ती फिरायला लागते!! सावकाश, पण डोळ्याला दिसेल इतपत. भिजली की पीळ उलगडतो, वाळली की परत बसतो. झाड कधीच मेलेलं, बी सुटं झालेलं, ना स्नायू ना बॅटरी, तरी हालचाल. शेपटीचे सगळे भाग पाणी पिऊन सारखे फुगत नाहीत, म्हणून पीळ. आणि दिवसरात्रीच्या या ओल्यासुक्या खेळात बी स्वतःला गिरमिटासारखं मातीत घुसवून घेतं.

माझा मुलगा (तेव्हा ११) इथपर्यंत आल्यावर म्हणाला, मग हिला हवेतला ओलावा पण कळत असेल. झालं. पुठ्ठ्यावर कुसळ उभी चिकटवली, टोकाला काट्यासारखी बारीक काडी लावली, खाली घड्याळासारखे आकडे. रॉबर्ट हूकने १६६५ साली रानटी ओटच्या कुसळाचं हेच यंत्र लिहून ठेवलंय, ते आम्हाला नंतर कळलं. १२ दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिला आणि शेजारी मोबाईलवरची आर्द्रता. जुळेचना. चिरंजीव म्हणाले कुसळ बिघडली, मी म्हटलं बघ बाबा. चौथ्या दिवशी त्याच्याच लक्षात आलं की मोबाईल बाहेरची हवा सांगतोय आणि आपला पुठ्ठा न्हाणीघराच्या दाराशी टांगलाय. तिकिटं जमवणं आणि विज्ञान यातला फरक मला त्या दिवशी त्याच्या तोंडावर दिसला.

फावडं
लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, यांनी भिंतीवर टांगलंय. मुसळाचं काय केलंत?

भिंगवाला
मुसळावर पाणी टाकून बघितलं. फिरलं नाही. तशी नोंद केलीय.

मोकळा_वर्ग
हाहाहा! भिंगवाला, हे उद्याच करतो. आमच्या वहीत ३१ नंबरला कुसळी गवत आहे, खाली मुलीने लिहिलंय "टोचतं". दीड वर्षात एवढंच.

अबोली
"टोचतं" हे पण निरीक्षणच आहे हां :)

दोन_टोकं
आमचा एक फसलेला प्रयोग सांगते, कुणाला कारण माहीत असेल तर सांगा. कुंपणावर गोकर्णाचा वेल आपोआप आलाय, त्याची निळी फुलं गरम पाण्यात टाकून रस केला. लिंबू पिळलं की गुलाबी-जांभळा, खायचा सोडा टाकला की हिरवट निळा. लेक जाम खूश, वाट्यांची रांग लावली नुसती. मग तिने मागच्या अंगणात उगवलेल्या लाल माठाची पानं कुटली, मस्त लालभडक रस निघाला, लिंबू पिळलं आणि ढिम्म. काहीच नाही. अजून लिंबू, अजून लिंबू, काही नाही. दोन दिवस रुसून बसली होती की माझंच काहीतरी चुकलं. मी सांगितलं पानं शिळी असतील, पण मलाच ते पटलेलं नाही.

केमिकल_लोचा
दोन_टोकं, अगं तो फसला नाही, गोकर्णापेक्षा भारी प्रयोग झालाय तो!

गोकर्णाचा निळा, जास्वंदीचा लाल हे अँथोसायनिन. आम्ल-अल्कली बदललं की त्याच्या रेणूची ठेवण बदलते आणि रंग पालटतो. रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये फुलांच्या रसाने असंच आम्ल ओळखायचं लिहून ठेवलं, लिटमस कागदाच्या जातीचीच गोष्ट. माठाचा लाल मात्र वेगळ्याच घराण्यातला आहे, बीटालेन. बिटामधला तोच. लिंबाने त्याला काही फरक पडत नाही, कडक अल्कलीत मात्र तो मोडून पिवळा पडतो. आणि गंमत म्हणजे एकाच झाडात हे दोन्ही रंग असलेले आजवर सापडलेले नाहीत. ज्या कुळांनी बीटालेन धरलं त्यांच्याकडे अँथोसायनिन नाही.

म्हणजे लेकीच्या हातात लिंबू नाही, कुळ ओळखायचं हत्यार आहे. तिला म्हणावं लाल-जांभळं जे दिसेल ते कुटून बघ, घोळीचं लालसर खोड, बोगनवेलीचे रंगीत पापुद्रे, तेरडा, आणि आधी अंदाज लिही, मग लिंबू पिळ. अंदाज आधी लिहायचा हे महत्त्वाचं, नंतर सगळेच म्हणतात मला माहीतच होतं.

दोन_टोकं
बाप रे. हे तिला वाचून दाखवलं तर ती मला म्हणाली, "बघ, पानं शिळी नव्हती." गेले माझे मार्क.

आज्जीबाई_ऑनलाईन
तेरड्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. नातू आठ वर्षांचा, आमच्याकडे राहायला होता तेव्हा मी सहज म्हणाले की तेरड्याचा रंग तीन दिवस. तो म्हणाला कशावरून? आता कशावरून म्हणजे काय, म्हण आहे बाबा. पण तो ऐकेना. कुंपणापाशी तेरडा माजलाच होता, त्याने ११ कळ्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघायचा. पहिल्याच दिवशी भांडण, फूल "गेलं" कधी म्हणायचं? रंग फिकटला तेव्हा, कोमेजलं तेव्हा, का गळलं तेव्हा? मी म्हटलं गळलं तेव्हा, तो म्हणाला म्हणीत रंग म्हटलंय फूल नाही. बरोबर होतं त्याचं. शेवटी दोन रकाने केले. एकाचा आकडा तीनच्या जवळ आला, दुसऱ्याचा नाही, आणि दोन फुलं सुरवंटाने खाल्ली ती कुठं लिहायची यावर अजून निकाल नाही. शेंगा पिकल्यावर बोट लावून टचाटचा फोडायचा उद्योग वेगळाच, त्यात बी किती लांब उडतं ते फरशीवर खडूने मोजत बसायचा.

सुतळी
आज्जी, नातवाला दंडवत. "गेलं कधी म्हणायचं" हे आमच्या हापिसात मोठमोठ्या लोकांना ठरवता येत नाही.

नुसताच_वाचक
वाचतोय. मस्त धागा.

पोटोबा
एवढं सगळं आणता, त्यातलं खाता की नाही? मला तर रानातलं म्हटलं की तेच सुचतं.

मोकळा_वर्ग
नाही हो, घोळ आणि आंबुशी सोडून धाडस झालेलं नाही. घोळीचं पण आधी मी दहादा बघते.

कावळा
दहादा बघता तेच बरोबर. घोळीसारखीच जमिनीला चिकटून पसरणारी दुधी असते, लांबून सारखीच दिसते. काडी मोडायची. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, सोडून द्या आणि हात धुवा. घोळीचं पान जाड, गुळगुळीत, रसाळ, चीक नाही. पण हे वाचून कुणी खायला सुरुवात करू नका, जाणतं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. आणि खात्रीची असली तरी आंबुशी, घोळ रोज वाटीभर नको, दोन्हीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, मुतखडेवाल्यांनी तर लांबच राहा.

आता माझी फजिती सांगतो. मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही फुलांचे भाग शिकवायला म्हणून धोतऱ्याचं फूल उभं कापलं, मोठं असतं, भाग छान दिसतात. हात धुवायला लावले पण तिने त्याआधीच डोळा चोळला असणार. संध्याकाळी बघतो तर एका डोळ्याची बाहुली ही एवढी मोठी आणि दुसरी नेहमीसारखी. बायकोने मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. रात्रीच डॉक्टरकडे पळालो, त्यांनी विचारलं आज काय हाताळलं होतं, आम्ही धोतरा म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन असतात, डोळा तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब असतात त्याच जातीचं. दोन दिवसांनी उतरलं. तोंडात गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हापासून धोतरा, रुई, एरंडाच्या बिया, कण्हेर लांबून बघायच्या यादीत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, तो तर खेळायचा विषयच नाही.

अबोली
बाई गं. अंगावर काटा आला.

तराजू
माझ्याकडून एक. गुंजा सगळ्या सारख्या वजनाच्या असतात असं म्हणतात, सोनं तोलायचे ना पूर्वी. आम्ही ५० गुंजा जमवून एकेक बारीक काट्यावर तोलल्या आणि आलेख काढला. अजिबात सारख्या नाहीत! मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता असा छान डोंगर आला. सरासरी म्हणजे काय हे मुलाला पुस्तकातून दोन वर्षं कळलं नव्हतं ते एका दुपारी कळलं.

केमिकल_लोचा
तराजू, प्रयोग शंभर नंबरी पण बी बदला प्लीज. गुंजेत अब्रिन आहे, अत्यंत विषारी. अख्खी गिळली तर कडक सालीमुळे बहुतेक तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा भोक पाडलं तर संपलं. लहान मूल घरात असेल तर ५० गुंजा मोजून परत ५० भरतात का हाच खरा प्रयोग.

तराजू
…आत्ता उठून मोजल्या. ४९.

तराजू
सापडली. सोफ्याखाली होती. घाम फुटला. डबाच बाहेर काढतोय. दुसरं कुठलं बी घेऊ?

कावळा
टाकळ्याच्या बिया घ्या, शेंगेत ओळीने बसलेल्या असतात, एकाच शेंगेतल्या विरुद्ध वेगवेगळ्या शेंगांतल्या असं पण तोलता येईल. त्या पण तोंडात नाही हे आलंच.

नवा_गडी
नावं शोधायला अ‍ॅप वापरता का कुणी? फोटो काढला की सांगतं, एवढी मेहनत कशाला.

सुतळी
अ‍ॅपने माझ्या लेकीच्या प्लॅस्टिकच्या फुलाला ८७ टक्के खात्रीने कुळ सांगितलं होतं.

भिंगवाला
मी वापरतो, पण उलटं. आधी मुलाने स्वतः ओळखायचं आणि तीन कारणं लिहायची, मग अ‍ॅपला विचारायचं. दोघांचं जुळलं नाही की मजा येते, कोण बरोबर ते कसं ठरवायचं? खायच्या बाबतीत मात्र अ‍ॅपचं उत्तर शून्य धरतो.

आज्जीबाई_ऑनलाईन
आणि नुसत्या आपल्या नावांवर पण जाऊ नका. गोखरू म्हटलं की मी समजते जमिनीवर पसरलेलं, पिवळ्या फुलाचं, काटेरी फळाचं. आमच्या जाऊबाई गोखरू म्हणतात ते कमरेएवढं उंच, त्याची फळं कपड्याला चिकटतात. दोघी अर्धा तास भांडलो आणि झाडं दोन निघाली.

केमिकल_लोचा
बरोबर आज्जी. तुमचं ते ट्रिब्युलस, जाऊबाईंचं झँथियम. झँथियमची कोवळी रोपं आणि बिया विषारी असतात, गुरं दगावतात त्याने, म्हणजे नावाचा घोळ नुसता गमतीचा नाही. म्हणूनच लिनियसने १७५३ मध्ये प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव दिलं ते कामाचं. मुलांना लॅटिन नाव पाठ करायला लावू नका, पण "एकच नाव, दोन झाडं" हे भांडण मात्र जरूर होऊ द्या.

आणि त्या चिकटणाऱ्या फळांवरून, जॉर्ज द मेस्ट्रल नावाच्या स्विस इंजिनिअरने १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली अशीच आकड्यांची फळं भिंगाखाली बघितली आणि त्यातून वेल्क्रो निघालं. ते फळ बर्डॉकचं, पण युक्ती तीच. मुलांच्या बुटाचा पट्टा आणि फळ शेजारी ठेवून भिंगातून बघायला द्या.

फावडं
म्हणजे नावांना महत्त्व आहे तर. अबोली १, सुतळी ०.

सुतळी
मान्य. तरी माझं म्हणणं एवढंच होतं की नावावर थांबू नका. आता माझं पण एक घ्या, नुसता टोमणे मारणारा वाटायला नको.

आम्ही सुतळीचा १ मीटर बाय १ मीटर चौकोन करतो (हो, आयडी त्यावरूनच आहे). मोकळ्या जागेत टाकायचा आणि आत किती जातींची झाडं आहेत, प्रत्येकाची किती, ते मोजायचं. एकदोन चौकोनात काही कळत नाही, दहा तरी हवेत. पहिल्या वेळी आमच्या दहाही चौकोनांत फुलं होती, एकदांडी नाहीतर घाणेरी. बायको म्हणाली काय सुंदर जागा आहे. प्रत्यक्षात अर्धी जागा नुसती हरळी आणि दगड. पोरं चौकोन टाकताना आपोआप फुलांकडे टाकत होती! मग आम्ही जागेचा नकाशा काढला, चौकटी पाडल्या, नंबर दिले आणि चिठ्ठ्या काढून चौकोन टाकला. एक चिठ्ठी काटेरी झुडपात निघाली, तिथं पोरगं म्हणालं दुसरी काढू. मी म्हटलं अजिबात नाही. लांब बाह्यांचा शर्ट घालून गेलो पण मोजलंच. जिथं जायचा कंटाळा येतो तिथलं पण मोजायचं हे त्याला अजून लक्षात आहे.

गाजरगवत असेल तर हात लावू न देता मोजा, अंगावर पुरळ उठतं काहींच्या.

अबोली
सुतळी, हे आधी लिहिलं असतंत तर भांडण झालंच नसतं.

सुतळी
मग धागा एवढा चालला नसता.

पाणीपुरवठा
सोपी गोष्ट, खर्च शून्य. आईची पारदर्शक नेलपॉलिश पानाच्या खालच्या बाजूला पातळ लावायची, पूर्ण वाळली की पारदर्शक चिकटपट्टीने अलगद सोलायची. पानाचा ठसा येतो. तो भिंगातून नाही दिसत, सूक्ष्मदर्शक हवा, आम्ही कागदी फोल्डस्कोप वापरतो, १४० पट मोठं दिसतं. ओठांसारखी बारीक भोकं दिसतात, त्यांतून पान श्वास घेतं आणि पाणी सोडतं. वरची बाजू आणि खालची बाजू मोजून बघा, सावलीतलं झाड आणि उन्हातलं झाड मोजून बघा. बायको विचारत होती नेलपॉलिश इतकी लवकर कशी संपली, तिला अजून सांगितलेलं नाही.

दोन_टोकं
तुम्ही ही गोष्ट इंटरनेटवर लिहिलीय हे माहितीये ना?

काठावर
सगळं छान आहे पण हे परीक्षेत कुठं येतं? शेवटी कधीतरी परीक्षा द्यावीच लागेल ना मुलांना.

भिंगवाला
येतं हो. प्रकाशसंश्लेषण, आम्ल-अल्कली, वर्गीकरण, सरासरी, आलेख, सगळं येतं. फक्त धड्याच्या क्रमाने येत नाही, हे मान्य. आम्ही महिनाअखेरीला पुस्तकाची अनुक्रमणिका घेऊन झालेल्यावर खुणा करतो. उष्णता आणि वीज यांच्यासमोर मात्र अजून कोरं आहे, झाडांतून सगळं शिकवता येतं असा माझा दावा नाही.

हिरवळ
एक विनंती, आणताना एखाद्या जातीची दोनचारच रोपं दिसत असतील तर तोडू नका, फोटो काढा. मुळासकट उपटायची तर गरज क्वचितच पडते. आणि रस्त्याच्या कडेचं, तणनाशक फवारलेलं, सांडपाण्याजवळचं नको, खायला तर नाहीच पण हाताळायला सुद्धा.

रात्रपाळी
उशिरा आलो. मी नावाप्रमाणे रात्रपाळी करतो त्यामुळे माझा लाडका प्रयोग झोपेचा. मोकळा_वर्ग ताई, तुमच्या वहीत आंबुशी आहेच. तिची तीन बदामी पानं संध्याकाळी छत्रीसारखी मिटतात, सकाळी उघडतात. सगळे म्हणतात ऊन बघून उघडतात. खरंच का?

१७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. त्याने पानं मिटणारं रोप, बहुधा लाजाळू, अंधारात ठेवलं. उजेड नाही तरी पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. पुढे १८३२ मध्ये द कांदोलने लाजाळू सतत एकसारख्या उजेडात ठेवून बघितली तर तिचा दिवस २४ तासांचा नाही, सुमारे २२ ते २३ तासांचा निघाला. म्हणजे घड्याळ झाडाच्या आत आहे आणि रोजचं ऊन ते फक्त लावून देतं. आंबुशी कुंडीत लावा, कपाटात ठेवा आणि बघा. मला विचाराल तर यापेक्षा स्वस्तात एवढा मोठा प्रश्न मिळत नाही.

मोकळा_वर्ग
रात्रपाळी, ठरलं! हाच करणार. कळवते.

मोकळा_वर्ग
तीन आठवड्यांनी परत आलेय, धागा वर काढल्याबद्दल माफी. बरंच लिहायचंय.

आंबुशीच्या सहा कुंड्या केल्या, रुजायलाच दहा-बारा दिवस गेले. तीन खिडकीत, तीन रिकाम्या कपाटात, दाराच्या फटीला काळा कपडा. पान किती मिटलं याला मुलाने ० ते ३ असे गुण ठरवले, त्याची चित्रं काढून दारावर लावली म्हणजे दोघांचे गुण सारखे पडतील (आज्जीबाईंच्या नातवाची कृपा). दर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघायचं.

पहिल्या संध्याकाळी कपाटातली मिटली. सकाळी ६ ला उघडलं तर पानं उघडी!! अंधारात!! दोघं अशी ओरडली की हे धावत आले काय झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी पण तसंच, जरा अर्धवट. तिसऱ्या दिवशी एक कुंडी पिवळी पडली, उरलेल्या दोनचं गणित नीट लागेना. मी म्हटलं चला, झालं सिद्ध, वहीत लिहा.

तर धाकटी म्हणते, "पण आई, आपण दर दोन तासांनी टॉर्च मारतोय. त्याला कळत असेल ना दिवस झाला ते?" मी म्हटलं अगं टॉर्च तर रात्री पण मारतोच. त्यावर मुलगा खाली मान घालून म्हणाला की रात्री तो फक्त दहाला आणि सकाळी सहाला बघतो, मधे झोपतो. म्हणजे कपाटाला दिवसा सात-आठ वेळा उजेड मिळालाय आणि रात्री जवळजवळ नाहीच. वर हे म्हणाले की कपाटाची मागची भिंत स्वयंपाकघराची आहे, ती दिवसा कोमट असते. मी नुसती बसून राहिले. सगळा तक्ता वाया गेला का हो?

रात्रपाळी
वाया कसला, हाच तक्ता मला सगळ्यात आवडला. तुमच्या धाकटीने जे विचारलं ना, तीच शंका तेव्हाही लोकांना आली, फटीतून उजेड गेला असेल, ऊब लागली असेल, म्हणून पुढच्यांनी रोपं गुहेत, तळघरात नेऊन बघितली.

आता उपाय. कपाट दुसऱ्या भिंतीला न्या आणि आत तापमापी ठेवा. टॉर्चवर हिरव्या जिलेटिन कागदाच्या तीनचार घड्या बांधा, अगदी मिणमिणता हिरवा उजेड झाडांना सगळ्यात कमी जाणवतो, अंधारात रोपांवर काम करणारे तोच वापरतात. आणि रात्री झोपायचंच असेल तर दिवसाही तेवढ्याच कमी वेळा बघा, सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. सारखी वाटणी. तीन दिवसांवर नेऊ नका, उपाशी झाड पिवळं पडणारच.

केमिकल_लोचा
आणि दोन कुंड्या कपाटात नुसत्या ठेवा, तिसऱ्या सकाळपर्यंत अजिबात उघडायच्या नाहीत. त्या बघितलेल्यांपेक्षा वेगळ्या निघाल्या तर टॉर्चचा हात आहे.

मोकळा_वर्ग
धाकटीने हे वाचलं आणि जाऊन पहिल्या तक्त्यावर लाल पेनाने लिहून आली, "टॉर्चमुळे खात्री नाही." मुलगा म्हणाला खोडून टाकू का, तर म्हणे नाही, राहू दे.

बाकी त्या वहीत महिन्याभरात एकही नवीन झाड नाही. ७४ च आहेत. कुसळीच्या पानावर "टोचतं" च्या खाली आता दोन पानं भरलीत.

रविवारी दीर येतायत. या वेळी वही नाही, कपाट दाखवणार आहे.

फावडं
उघडू नका. उजेड जाईल.